बेड नंबर ११ आणि दोन पाटील

सकाळी सव्वानऊला ब्लड बँकेतून फोन आला की माझ्या पोटात आधी गोळा येतो, मग मी फोन उचलते. त्या दिवशी पलीकडं तिथला टेक्निशियन होता, आवाज एकदम शांत, म्हणाला, "मॅडम, तुमच्या फीमेल वॉर्डच्या बेड ११ च्या पाटील बाईंचं सॅम्पल ए पॉझिटिव्ह येतंय. गेल्या वर्षी त्यांना दोन बॅगा आमच्याकडनंच गेल्यात, तेव्हा बी पॉझिटिव्ह होत्या. ग्रुप काय बदलत नसतोय. परत सॅम्पल पाठवा."

बस, एवढंच. त्यानं फोन ठेवला आणि मी तशीच बसून राहिले.

ज्यांना हॉस्पिटलशी फारसा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. बी ग्रुपच्या माणसाला ए चं रक्त चढवलं तर त्याच्या शरीरातल्या अँटिबॉडीज त्या नव्या पेशी फोडायला लागतात, बीपी पडतं, लघवी लाल होते, किडनी बंद पडू शकते, माणूस जाऊ शकतो, आणि त्याला पूर्ण बॅग जायची गरज नसते, सुरुवातीचं थोडंसं रक्तही पुरतं. आमच्या या काकूंचं हिमोग्लोबिन सातच्या आसपास, गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलेलं, त्याआधी दोन पीसीव्ही, म्हणजे लाल पेशींच्या बॅगा, द्यायच्या होत्या. गेल्या वर्षी त्या दुसरीकडं कुठं अ‍ॅडमिट झाल्या असत्या तर ब्लड बँकेकडं जुना रेकॉर्डच नसता, ए ची बॅग क्रॉसमॅच होऊन (म्हणजे सॅम्पलशी जुळवून बघून) निमूट वर आली असती. बॅग लावताना दोन सिस्टर मिळून चेक करतात ना? करतात. पण त्या काय चेक करतात तर बॅगेवरचं नाव, फॉर्मवरचं नाव, फाइलवरचं नाव. ते सगळं जुळलंच असतं. कागद कागदाशी जुळला असता, रक्त तेवढं दुसऱ्याच बाईचं असतं.

मी बारा वर्षं आयसीयूत स्टाफ नर्स होते, आता चार वर्षं क्वालिटी विभागात आहे. कोल्हापूरच्या बाजूचं दीडशे बेडचं हॉस्पिटल, नाव सांगत नाही. वॉर्डात मी शिरले की "क्वालिटीवाली आली" म्हणून रजिस्टरं बंद व्हायला लागतात, त्याचंही आता काही वाटत नाही.

तर मी वॉर्डात पोचेपर्यंत निकाल लागलेला होता. सॅम्पल कुणी काढलं? नाईटच्या ज्युनियर सिस्टरनं. ड्युटी संपूनही तिला थांबवून ठेवलेलं, लिनन रूममध्ये चादरींच्या गठ्ठ्यावर बसून रडत होती पोरगी, मेट्रन मॅडमच्या, म्हणजे नर्सेसच्या मुख्यांच्या, टेबलावर मेमो टाइप होऊन तयार. आणि तिनं लेखी दिलं होतं की मी हातातला नावाचा बँड बघूनच सॅम्पल काढलं. जे खोटं होतं, हे मला दोन मिनिटांत कळलं, कारण त्या पेशंटच्या हातात बँडच नव्हता.

खोटं का बोलली म्हणून तिच्यावर चिडणं सोपं आहे. पण २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूला आग लागून ११ पेशंट गेले आणि थोड्याच दिवसांत एका मेडिकल ऑफिसरला आणि नर्सना अटक झाली, ते फोटो प्रत्येक नर्सच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरले होते. त्यात कुणाचा किती दोष ते ठरवणारी मी कोण, पण त्या आठवड्यात आमच्या पोरी एकमेकींना काय म्हणत होत्या ते मी ऐकलंय. सगळ्यांचं मत एकच, काही झालं की पहिला हात आपल्याच गळ्यावर पडणार. मग कोण कशाला खरं सांगेल हो?

आता आरसीए, म्हणजे रूट कॉज अ‍ॅनालिसिस. आमच्याकडं त्याचा आठ पानी फॉर्म आहे. घटना, टाइमलाइन, माशाच्या काट्याची आकृती (ती जपानच्या काओरू इशिकावांची, आमच्या मेट्रन तिला बांगड्याचं चित्र म्हणतात), मग पाच वेळा 'का', आणि शेवटी मूळ कारण आणि उपाय. मी कबूल करते, पहिल्या दीड वर्षात मी असे कितीतरी फॉर्म भरलेत ज्यात मूळ कारण होतं 'स्टाफचं दुर्लक्ष' आणि उपाय होता 'काउन्सेलिंग केलं, ट्रेनिंग दिलं, सह्या घेतल्या'. एनएबीएचचे, म्हणजे हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेचे, असेसर आले की फाइल जाडजूड दिसते, सगळे खूश. आणि तीन महिन्यांनी तीच घटना, नाव फक्त दुसऱ्या सिस्टरचं.

त्या 'का' चीही एक गंमत आहे. टोयोटात साकिची टोयोदांपासून ही पद्धत आली म्हणतात, मशीन बंद पडलं की का विचारायचं, उत्तर आलं की त्याला परत का, असं पाच वेळा. मशीनला विचारायला हरकत नाही. पण मराठीत माणसाला "का?" विचारून बघा. का केलंस, का नाही बघितलंस, हा प्रश्नच नाही, हा जाब आहे, लहानपणी आई लाटणं हातात घेऊन हेच विचारायची आणि आपण काय सांगायचो? "मी नाही केलं." मी वॉर्डात 'का' विचारणं सोडून दिलंय. मी म्हणते, "रात्री आठला तू आलीस, तिथनं सुरू कर, काय काय झालं?" आणि हे ऑफिसात नाही, कँटीनमध्ये, चहा आणि कांदाभजी घेऊन. तेही त्या दिवशी नाही विचारलं, तिला घरी पाठवलं, झोप म्हटलं. मेमो मी मेट्रन मॅडमकडून हातापाया पडून दोन दिवस थांबवून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिनं जे सांगितलं, आणि सीनियरनं, वॉर्डबॉय मामांनी, अ‍ॅडमिशन काउंटरच्या पोरानं जे सांगितलं, ते जोडून असं चित्र झालं.

वॉर्डात चोवीस बेड, नाईटला दोन सिस्टर. त्यातली ज्युनियर त्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरून रिलिव्हर म्हणून आलेली, पेशंट ओळखीचे नाहीत. रात्री दीडला ती एका पेशंटला आयसीयूत शिफ्ट करायला खाली गेली. त्याच वेळी बेड १४ वरच्या आजी, त्याही पाटील, तापाच्या पेशंट, बाथरूमला जायला तिसऱ्यांदा उठल्या आणि जरा झोकांडी गेली. सीनियर सिस्टरनं बघितलं. बेड ११ बाथरूमला लागून आहे, तिथं काकू होत्या, त्या धडधाकट चालणाऱ्या. तिनं मामांना हाक मारली आणि दोघींची अदलाबदल केली, काकू १४ वर, आजी ११ वर. पेशंट पडू नये म्हणून.

हे तिला कुणी शिकवलं? मी. मागच्याच महिन्यात मी फॉल प्रिव्हेन्शनचं ट्रेनिंग घेतलं होतं, स्लाइडवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की पडण्याचा धोका असलेला पेशंट बाथरूमजवळ ठेवा. ऐकून मला भजी गिळवेना.

ज्युनियर वर आली तोपर्यंत नवीन अ‍ॅडमिशन आलं होतं, सीनियर त्यात अडकली, बेड बदलल्याचं सांगायचं राहिलं. साडेपाचला ज्युनियरनं कॉम्प्युटरवरून सकाळच्या सॅम्पलची लेबलं काढली. कॉम्प्युटरमध्ये ११ वर अजून काकूच होत्या. तिनं लेबलं स्टेशनवरच बल्बना, म्हणजे रक्त घ्यायच्या छोट्या नळ्यांना, चिकटवली, टोपणावर मार्करनं बेड नंबर लिहिले, किडनी ट्रेमध्ये ओळीनं लावले आणि निघाली.

मी तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला वॉर्डात जाऊन हे सगळं डोळ्यांनी बघितलं, आणि माझं म्हणणं आहे की हे केल्याशिवाय आरसीए करूच नये, सकाळी अकराला एसी रूममध्ये बसून पहाटे साडेपाचचं कळत नाही. त्या वेळी वॉर्डात एक आड एक ट्यूब बंद असते, पेशंट झोपलेले, डोक्यावरून शाल, नातेवाईक खाली चटई टाकून आडवे, त्यांच्या अंगावर पाय पडू नये म्हणून सिस्टर मोबाइलचा टॉर्च जमिनीवर मारत चालते. जांभळ्या टोपणावर '११' एवढं ठळक दिसतं, लेबलवरचं नाव मुंगीएवढं. हात टोपणाकडे जातो. मी असते तर माझाही गेला असता.

ती बेड ११ ला गेली आणि शालीला विचारलं, "पाटील ना?" शाल म्हणाली, "हं."

आमच्या भागात एका वॉर्डात पाच पाटील असणं म्हणजे काही विशेष नाही. त्या दिवशी चार होत्या.

बँड का नव्हता (बघा, आला 'का'), तर आजींच्या उजव्या हाताला सलाईन लावताना सूज आली म्हणून बँड कापला होता, तो फाइलला स्टेपल करून ठेवलेला, आणि फाइल स्टेशनवर. नवीन बँड छापायचा प्रिंटर फक्त खाली अ‍ॅडमिशन काउंटरला.

आणि काकूंचं रक्त कुठं गेलं? ते आजींच्या नावानं सीबीसीला, म्हणजे रक्ताच्या साध्या तपासणीला. आजींचं हिमोग्लोबिन एका रात्रीत ११ वरून ७ वर आलेलं बघून आरएमओ, म्हणजे वॉर्ड बघणारे ड्युटी डॉक्टर, घाबरले, कुठंतरी ब्लीडिंग होतंय म्हणून पोटाची सोनोग्राफी लिहूनही मोकळे झाले होते.

आता इथपर्यंत आलं की बहुतेक जण थांबतात. मूळ कारण सापडलं, पेशंटची ओळख नीट पटवली नाही. पण मला तो कॉम्प्युटर टोचत होता. रात्री दीडला बेड बदलले आणि पहाटे साडेपाचलाही कॉम्प्युटरला पत्ता नाही, हे कसं? सीनियर म्हणाली, "मॅडम, बेड ट्रान्सफर आम्हाला करताच येत नाही. खाली फोन करायचा, ते करतात. रात्री खाली एकच पोरगा, कॅज्युअल्टीचं बिलिंग पण तोच बघतो, तो म्हणतो सकाळी आठनंतर करतो." वॉर्डात आधी येत होतं का? येत होतं की, दोन वर्षांपूर्वीपर्यंत. मग बंद झालं. मी अकाउंट्सला गेले. तर दोन वर्षांपूर्वी एक पेशंट जनरलमधून ट्विन शेअरिंगला हलवला, कुणीतरी तारीख चुकीची टाकली, बिलात फरक आला, टीपीएनं (विम्याचे क्लेम बघणारी कंपनी) क्लेम अडकवला, नातेवाइकांनी काउंटरवर राडा केला. मग अकाउंट्सनं त्याच्या मुळाशी जाऊन उपाय काढला की नर्सिंगचा बेड ट्रान्सफरचा राइटच काढून टाका.

म्हणजे त्याचंही आरसीए झालं होतं. सह्या-बिह्या असलेलं. पैशाच्या चुकीवरचा उपाय दोन वर्षं शांतपणे भिंतीत बसून राहिला आणि एका रात्री रक्ताच्या बल्बमधून बाहेर आला.

जेम्स रीझन नावाचे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ होते, त्यांचं चीजच्या चकत्यांचं उदाहरण या विषयात सगळीकडे दाखवतात, प्रत्येक चकतीला भोकं, सगळी भोकं एका रेषेत आली की अपघात आरपार. आमच्याकडे चीज कोण खातंय, मी आंबोळ्यांची चळत सांगते, पोरींना पटकन कळतं. आणि वर हेही सांगते की तू ही शेवटची आंबोळी आहेस, म्हणून सगळ्यांना तुझंच भोक दिसतं.

मुळाशी जाणं म्हणजे काय याचं आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण मला नेहमी आठवतं. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये ग्लिसरॉल दिलेले १४ पेशंट किडनी बंद पडून गेले, त्या ग्लिसरॉलमध्ये डायथिलीन ग्लायकॉल होतं, विषच. ते पाजणाऱ्या सिस्टरपाशी किंवा लिहिणाऱ्या डॉक्टरपाशी थांबता आलं असतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं ते औषध खरेदी कसं झालं, तपासलं कुणी, लायसन्स कुणी दिलं, असं करत करत वॉर्डातून स्टोअरला, तिथून एफडीएला, म्हणजे औषध प्रशासनाला, आणि तिथून थेट मंत्रालयापर्यंत माग काढला, आरोग्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. माझ्या आठ पानी फॉर्ममध्ये 'मंत्रालय' लिहायला रकाना नाही, पण 'अकाउंट्स' लिहायलाही नव्हता, तो मी पेननं आखला.

मग उपाय. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलांचं एक पेशंट सेफ्टी सेंटर आहे, १९९९ पासूनचं, त्यांनी उपायांची उतरंड लावलीये. सगळ्यात कमजोर मडकी कुठली, तर ट्रेनिंग, नवीन पॉलिसी, सूचनेचे बोर्ड, आणि हे वाचून मला धक्का बसला होता, डबल चेक. मधली म्हणजे चेकलिस्ट, सॉफ्टवेअरमधले बदल, कामाचा बोजा कमी करणं. सगळ्यात भक्कम म्हणजे अशी रचना की चूक करायची म्हटली तरी करता येऊ नये. तिकडे २०१५ मध्ये आरसीएच्या शेवटी अजून एक 'ए' जोडला, अ‍ॅक्शनचा, कारण अ‍ॅनालिसिस करून फाइल कपाटात ठेवायची सवय फक्त आपल्यालाच आहे असं नाही.

आमच्या मीटिंगमध्ये काय झालं ते सांगते. बेड ट्रान्सफरचा राइट, त्याच क्लासच्या बेडसाठी, वॉर्डला परत द्या, हे अकाउंट्सच्या सरांनी अर्ध्या तासाच्या वादानंतर मान्य केलं, पण सॉफ्टवेअरवाल्यानं ते करायला पाच आठवडे लावले. बँडचा एक प्रिंटर वर आणला. दोन्ही हातांना सलाईन असेल तर बँड पायात. रक्त चढवायचा पेशंट पहिल्यांदाच आला असेल, जुना ग्रुप कुठंच नसेल, तर वेगळ्या वेळी, वेगळ्या हातानं दुसरं सॅम्पल, त्याशिवाय बॅग नाही. यावर सर्जन नाराज झाले, वेळ जातो म्हणाले, इमर्जन्सीत ओ ग्रुपची सोय ठेवलीये म्हटल्यावर गप्प बसले. मला सगळ्यात आवडणारा उपाय हाच, कारण हा नशिबावर नाही. परत त्या सकाळचा विचार करा, काकू आणि आजी दोघी बी असत्या, आणि आपल्याकडे बी काही कमी नाहीत, तर ही अदलाबदल झाली हे कुणालाही, कधीही कळलं नसतं. अशा किती सकाळी आधी होऊन गेल्या असतील हे मोजायची सोय नाही. २०१२ च्या डिसेंबरपासून देशात हिमोव्हिजिलन्स प्रोग्रॅम आहे, रक्त दिल्यावर रिअ‍ॅक्शन आली की तिथं कळवायचं, पण रिअ‍ॅक्शनच नाही आली तर कळवणार काय?

आणि लेबल बेडजवळच, सॅम्पल काढल्यावर चिकटवायचं, त्यासाठी हातात धरायचे छोटे प्रिंटर. मी चार मागितले, एक मिळाला.

ओळख विचारायची पद्धतही बदलली, "पाटील ना?" बंद, "तुमचं पूर्ण नाव सांगा" सुरू. कागदावर हे फार छान दिसतं. आठवड्याभरात सिस्टर तक्रार घेऊन आल्या, "मॅडम, म्हाताऱ्या बायका पूर्ण नाव सांगतच नाहीत." नवऱ्याचं नाव कसं घेणार! एक आजी तर लाजून पदर तोंडाला लावून म्हणाल्या म्हणे, "लेकाला विचार की गं बाई." उखाण्याशिवाय नाव निघत नाही आणि पहाटे साडेपाचला उखाणा कोण घेणार. परदेशी पुस्तकात या अडचणीवर उपाय सापडला नाही. शेवटी आमच्याच एका मावशींनी सुचवलं, नाव आणि गाव विचारा. आता लेबलवर गाव छापून येतं. "पाटील, कुठलं गाव मावशी?" यावर झोपेतलं माणूसही "हं" म्हणू शकत नाही, गाव सांगावंच लागतं.

ज्युनियरचा मेमो फाटला. ती अजून आमच्याकडंच आहे. सीनियरला मात्र एक तोंडी समज मिळालीच, ते मला पटलं नाही आणि मी तसं मिनिट्समध्ये लिहिलंय.

'मूळ कारण' हा शब्दही मला हल्ली खटकतो. मूळ एकच असतं असं वाटायला लागतं, गाजरासारखं, उपटलं की संपलं. ही मुळं हरळीची असतात. ब्रिटनच्या एनएचएसनं २०२२ मध्ये त्यांची चौकशीची जुनी चौकटच बदलली, एक मूळ शोधायच्या मागे लागण्यापेक्षा सगळी व्यवस्था कशी चालते ते बघा, असा रोख ठेवला. आमच्याकडं फॉर्मवर नाव तेच आहे, राहू दे, मी खाली 'मूळ कारणे' असं अनेकवचन करून घेतलं, तेवढंच.

गेल्या तिमाहीत चुका कळवणारे फॉर्म वाढले. थोडक्यात निभावलेल्या गोष्टी पोरी आपणहून लिहायला लागल्यात, चुकीचं लेबल, सारख्या दिसणाऱ्या अ‍ॅम्प्युल, न वाचता येणारं अक्षर. ग्राफ वर गेला. डायरेक्टर सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही क्वालिटी सुधारायला आहात ना, मग इन्सिडेंट वाढले कसे?" मी बराच वेळ समजावलं. पटलंय असं चेहऱ्यावरून वाटलं नाही.

आणि परवा पहाटे मी न सांगता वॉर्डात गेले. किडनी ट्रेमध्ये सहा बल्ब, लेबलं आधीच चिकटवलेली, टोपणांवर मार्करनं नंबर. ७, ९, ११, १२. सिस्टर दुसरीच होती, मला बघून तिचा चेहरा उतरला. जिभेवर आलेला 'का' गिळला आणि म्हटलं, "छोटा प्रिंटर कुठंय गं?"

"चार्जिंग नाही मॅडम त्याला."

"चार्जर?"

"तो पिडियाट्रिकला गेलाय. त्यांच्या नेब्युलायझरचा प्लग जळाला ना, तर त्यांनी आपला एक्स्टेन्शन बोर्ड नेला, त्यात लावलेला तसाच गेला."

मी पिडियाट्रिकला गेले. तिथं एक्स्टेन्शन बोर्ड होता, चार्जर नव्हता. तिथली सिस्टर म्हणाली, बायोमेडिकलवाल्यांनी रात्री नेलाय, त्यांचा ऑफिसला नऊला यायचा टाइम आहे. तेव्हा पावणेसहा वाजले होते.